मधमाश्यांना सांगायचं राहिलं

मधमाश्यांची तिसरी टोपलीही रिकामी व्हायला लागली, तेव्हा डोर्कस पिनॉक किल्ली शोधायचं सोडून बाहेर आली. दाराजवळच्या खिळ्यावर टांगलेली, लाल लोकर बांधलेली घराची किल्ली. दहा दिवस झाले, खिळा रिकामाच होता.

दोन्ही घरांच्या मधमाश्या लिंडनच्या झाडाखाली एकाच फळीवर राहत. गवताने विणलेल्या सहा टोपल्या. डावीकडच्या तीन डोर्कसच्या, उजवीकडच्या तीन शेजारच्या एडिथ आणि एमॉसच्या. डोर्कसच्या माश्या तिच्या आजीपासूनच्या. तिला मूलबाळ नव्हतं. जे काही होतं ते हेच. आणि आता त्या थव्याथव्याने श्रॉपशरच्या टेकड्यांकडे उडून चालल्या होत्या.

कारण तिला ठाऊक होतं. घरातलं कुणी गेलं की घराच्या किल्लीने टोपलीवर तीनदा ठोकायचं आणि माश्यांना सांगायचं. नाही सांगितलं तर त्या रुसतात, सोडून जातात. एमॉस गेला, आणि एडिथने अजून सांगितलं नव्हतं; रुसवा त्याच फळीवरच्या डोर्कसच्या माश्यांनाही लागला असणार.

ती सकाळ डोर्कसला धूसर आठवायची. एमॉस हिवाळाभर खोकत होता. मग तिलाच ताप भरला. एका पहाटे ताप एकदम उतरला, अंग पिसासारखं हलकं झालं, आणि पुढे कधीतरी धुक्यातून शवपेटी जाताना तिने खिडकीतून पाहिली. खांदा दिलेली चार माणसं, माना खाली, टोप्या डोळ्यांवर. मागे काळ्या शालीत एडिथ. एकटी.

एडिथच्या स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. ती पावाचं पीठ मळत होती.

"एडिथ, अगं आज तरी सांग त्यांना," डोर्कस म्हणाली. "तुझं दुःख कळतं मला. पण माझ्या बिचाऱ्यांनी काय केलंय?"

एडिथने दाराकडे पाहिलं, शाल आवळून घेतली आणि पुन्हा पीठ मळू लागली. हल्ली ती डोर्कसशी बोलतच नसे.

तेवढ्यात चुलीजवळच्या खुर्चीतून खोकला आला.

डोर्कसने डोळे बारीक केले. खिडकीतून आलेल्या पिवळ्या उन्हात पिठाचे कण तरंगत होते, आणि त्यांच्या पलीकडे एमॉस बसला होता. गुडघ्यांवर तीच ठिगळांची गोधडी. डोर्कसला भीती वाटली नाही, याचंच तिला नवल वाटलं.

"मेलास तरी खुर्ची सोडवेना होय रे, आळशा!" ती पुटपुटली.

"अगं, सांगून टाक आज," एमॉस बायकोला म्हणाला.

"बघ! आता तर हाच सांगतोय," डोर्कस म्हणाली.

"जीभ रेटत नाही हो." एडिथ पीठ चेपत म्हणाली. "सांगितलं की खरं होईल. चाळीस वर्षांची सोबत अशी एका वाक्यात संपवू?"

"रडू नकोस. पाव खारट होईल. तसाही खारटच होतो," एमॉस म्हणाला.

एडिथ ओल्या डोळ्यांनी हसली. डोर्कसही हसली.

"माश्या गेल्या तर काहीच उरणार नाही," एमॉस हळूच म्हणाला. "ऊठ."

एडिथने हात पुसले, एप्रनच्या खिशात हात घातला आणि ती बागेत उतरली. डोर्कस मागोमाग. उन्हं कलली होती. लिंडनच्या फुलांचा वास इतका दाट होता, की त्यातून पोहत गेल्यासारखं वाटावं. गवतावर पाय टेकतात की नाही तेही कळेना. माश्यांची गुणगुण झोपेतल्या गाण्यासारखी येत होती.

एडिथ उजवीकडच्या टोपल्या ओलांडून पुढे गेली.

"अगं वेडे, तुझ्या इकडे आहेत!" डोर्कसने हाक मारली.

एडिथ डावीकडे, पहिल्या टोपलीपाशी थांबली. तिने खिशातून किल्ली काढली. किल्लीला लाल लोकर बांधली होती.

टक. टक. टक.

"माश्यांनो," एडिथ वाकून म्हणाली, "तुमची डोर्कस गेली. आता एमॉस आणि मी आहोत तुम्हाला. जाऊ नका गं."