मानेमागचा घास

हर्षलाला बघायला आलेले पाहुणे गच्चीवर शर्ट काढून उन्हात जेवायला बसले. लस टोचल्यापासून सगळ्यांचं पोट कातडीवर पडणाऱ्या उन्हानेच भरायचं. हर्षला मात्र महिनाभर सनस्क्रीनवालं गोरेपणाचं क्रीम फासून उपाशी होती. चालताना तिचे पाय लटपटले.

"लाजतेय," आई हसली.

"गोरीपान आहे हो!" म्हणत मुलाच्या आईने तिची वेणी उचलली. मानेवर तळहाताएवढा काळा डाग होता. तिथे क्रीम न लावता हर्षला चोरून ऊन खायची. तेवढ्यावरच जगली होती.

"एवढं सोडलं तर पसंत आहे."

"आई, तेवढं तरी राहू दे," हर्षला पुटपुटली.

आईने ट्यूब दाबली. "राहूनच गेलं बघा, विहीणबाई," म्हणत तिने मानेवरही क्रीम चोपडलं.