बिनशिलाईचं

हज यात्रेच्या सरावासाठी हाजीसाहेबांनी हॉलच्या मधोमध खुर्च्यांची चळत रचून तिच्यावर काळी चादर टाकली. "हा आपला काबा. खरा दिसायला पाच दिवस आहेत. काय चुका करायच्या त्या आजच करून घ्या."

पंचवीस-तीस पुरुष दोन-दोन पांढरी कापडं गुंडाळून उभे होते. एक कमरेला, एक खांद्यावर. हजच्या या वेषाला, एहरामला, शिलाई चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्यातल्या शिंप्यालाही. पण चाळीस वर्षं जगाला कपडे घालणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या कमरेचं कापड काही सांभाळता येईना.

त्याची बायको बायकांच्या बाजूने मघापासून खुणा करत होती. शेवटी ती जवळच आली.

"अहो, परवा निघायचंय. हजला जाण्याआधी सगळ्यांची माफी मागून व्हायला हवी. दूधवाल्याची माफी मागितलीत, न्हाव्याची मागितलीत. माझी तर दोनदा. एकाचीच राहिलीय."

"बघू."

"बघू काय? मनातली अढी बरोबर न्यायची असेल, तर ती कुठल्या बॅगेत भरू तेवढं सांगा."

तो 'एक' रांगेत चौथा उभा होता. समोरच्या दुकानातला शिंपी. दोघं एकाच उस्तादाकडे कात्री धरायला शिकले, आणि एका कोटाच्या बाहीवरून बावीस वर्षं बोलेनासे झाले. बाही समोरच्याने बिघडवली, असं तेव्हा गिऱ्हाइकाला सांगितलं गेलं. सांगणारा आपला शिंपी होता. बिघडवणाराही तोच.

खुर्च्यांच्या काब्याभोवती फेऱ्या सुरू झाल्या. दुसऱ्याच फेरीला त्याचं कापड एका खुर्चीच्या पायात अडकलं आणि सर्रकन सुटलं. त्याने ते कसंबसं दोन्ही हातांनी धरलं. हाजीसाहेब वाकून बघू लागले.

"हे काय?"

"दोनच हुक आहेत."

"शिवलेत?"

"सवय, साहेब."

"हवा तर पट्टा बांधा. शिलाई नको म्हणजे नको. उसवा."

हॉलभर हशा पिकला. कात्री कुणाकडेच नव्हती. शिंप्याला हात सोडायची सोय नव्हती.

तेवढ्यात रांगेतला चौथा पुढे आला, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि कापडाची कड डोळ्यांजवळ नेली.

"टाका अजून तिरकाच घालतोस." आणि त्याने दातांनी दोरा तोडला. एक हुक फरशीवर पडला.

शिंपी खाली वाकला.

"त्या कोटाची बाही... मीच वाकडी कापली होती. नाव तुझं घेतलं. माफ कर."

"हलू नकोस." दुसरा हुक निघाला. त्याने कापडाला नीट चुण्या घातल्या, कड कमरेशी घट्ट खोवली आणि वर एक थाप मारली. "आता श्वास सोड. पोट आत ओढून माप देणाऱ्याचं कधी काही धड बसलंय?"

"माफ केलंस का, ते सांग ना!"

"कधीच केलंय. दुकान समोरच होतं रे. एक रस्ता ओलांडायचा होतास."

मागचे लोक ओरडले, "अहो, चला की! इथेच मुक्काम करायचाय का?" दोघं हसत गर्दीत शिरले.

चौथ्या फेरीला शिंप्याच्या बायकोने पाण्याची बाटली पुढे केली. सगळीकडे पांढरी कापडं आणि पाठमोरी डोकी. आपला समजून तिने जिच्यात बाटली ठेवली, ती मूठ तिच्या नवऱ्याची नव्हती. समोरच्या दुकानातला तो माणूस चालता चालता निम्मं पाणी प्यायला आणि मागे न बघताच त्याने बाटली शेजारच्याच्या हातात दिली.