आधी नेटवर्क, मग डिस्क

"स्क्रीनवर जे दिसतंय ते जसंच्या तसं वाच," थोरली फोनवर म्हणाली. "पदरचं काही घालू नकोस."

धाकट्यानं वाचून दाखवलं. सर्व्हर नेटवर्कवर पत्ता मागत होता. कुणी देत नव्हतं. थोडा वेळ वाट बघून तो पुन्हा मेनूवर येऊन बसत होता.

थोरलीनं गॅस बंद केला आणि स्टूल ओढून घेतलं. तिला घरी बसवल्यापासून कामाचं असं कुणी काही विचारलंच नव्हतं.

दोघं भावंडं एकाच हॉस्पिटलच्या संगणक विभागात होती. धाकट्याला तिथं चिकटवलं तिनंच. मग एका दुपारी रुग्णांचे सगळे स्कॅन सर्व्हरवरून गायब झाले आणि पुसणाऱ्याच्या जागी तिचं नाव निघालं. तिनं पुसले नव्हते. पण पासवर्ड तिचा होता, मग ऐकतो कोण? साहेबांनी चौकशी लावली, तिला घरी पाठवलं आणि ऑफिसातल्या कुणाशी बोलायचं नाही अशी ताकीद दिली. आता तिची सगळी भिस्त उद्यावर होती. उद्या बाहेरचा तज्ज्ञ येऊन ती सर्व्हरची मशिनं तपासणार होता. पुसायचा हुकूम कुठल्या टेबलावरून सुटला, हे त्या डिस्कवर नोंदलेलं असणारच, हे ती सुरुवातीपासून घसा फोडून सांगत आली होती.

आणि आज सकाळी धाकट्याचा फोन आला होता. नव्या इमारतीसाठी नवे सर्व्हर आलेत, नेटवर्कवरून सिस्टिम चढवायचीय, एकही उठत नाही, साहेब डोक्यावर बसलेत.

"सर्व्हर रूममध्ये मोबाइल लागत नाही गं, ताई. जेवणानंतर तिथल्या फोनवर तूच लाव ना."

तिनं लावला. ताकीद विसरली नव्हती ती. पण ह्याचीही नोकरी गेली तर आईनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

"केबलचं पोर्ट जागं व्हायला वेळ घेतंय," ती म्हणाली. "तोवर हा पठ्ठ्या मान टाकतो. स्विचवर त्या पोर्टचं थांबणं बंद कर."

"हं."

जरा वेळ गेला. "पत्ता मिळाला. पुढं?"

"सिस्टिम चढवायची फाइल उघडते?"

"नाही."

"जुन्या पद्धतीची देत असशील. मशीनच्या आतल्या नव्या फर्मवेअरला ती पचत नाही रे, त्याची फाइल वेगळी असते. शिकवलं होतं ना मी?"

"हं."

एरवी धाकट्याची टकळी थांबता थांबायची नाही. आज नुसते हुंकार. घाबरलाय बिचारा, असं मनात येऊन तिचा जीव कळवळला.

"आता म्हणतो, सही चालत नाही."

"सिक्युअर बूट!" ती उत्साहानं जवळजवळ ओरडलीच. "आपल्या फाइलवर त्याच्या ओळखीची सही नाही, म्हणून दारातूनच हाकलतोय. सेटिंगमध्ये जा आणि ते बंद कर. काम झालं की आठवणीनं चालू कर."

पलीकडून पंख्यांची घरघर ऐकू येत होती. आई दारात येऊन उभी राहिली. "कोण गं?"

"धाकटा."

आईचा चेहरा खुलला. चौकशी लागल्यापासून तो या घराची पायरी चढला नव्हता.

"बंद केलं," धाकटा म्हणाला. "पण हातानं नेटवर्क निवडलं तरच तिकडं जातो. नाहीतर सरळ डिस्कवरून उठतो."

"डिस्कवर आहे काय उठायला? नवं मशीन म्हणजे कोरी पाटी."

"पाठवणाऱ्यांनी चाचणीचं काहीतरी घालून ठेवलंय."

"मग ठेवायचं कशाला ते? बूटचा क्रम बदल. नेटवर्क सगळ्यात वर घे, डिस्क खाली ढकल. इन्स्टॉलर विचारेल, डिस्कवरचं सगळं पुसू का. बिनधास्त हो म्हण. सगळ्या मशिनांवर तसंच कर."

"केलं." मग हळूच, "चाललंय, ताई. टक्के पळतायत."

थोरलीनं सुस्कारा सोडला. "आणि हे बघ, मी सांगितलं म्हणून कुठं बोलू नकोस. तुझ्याच अंगाशी येईल."

"नाही बोलणार."

"उद्या सुटले की दोघं मिळून त्या नव्या इमारतीत..." पण तोवर फोन ठेवला गेला होता. साहेब आले असतील, तिनं स्वतःची समजूत घातली. त्या रात्री ती पोटभर जेवली. आई बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांचा फोन आला.

"तज्ज्ञ आले का सर?" तिला दम धरवेना.

"आले आणि गेलेही. बघायला काही उरलेलंच नाही. चौकशीतल्या मशिनांवर काल दुपारी नेटवर्कवरून नवी सिस्टिम चढवली गेलीय. डिस्क धुऊन पुसून साफ."

"काल तर... ते नवे सर्व्हर होते ना सर? नव्या इमारतीचे?"

"कसले नवे सर्व्हर? नव्या इमारतीचा अजून पाया भरायचाय." साहेबांचा आवाज थंड होता. "बाई, अहो, निदान भावाला तरी यात ओढायचं नाही. ताई सांगते म्हणून केलं, म्हणत सकाळपासून रडतोय इथे."

मागून आई विचारत होती, काय झालं, सुटलीस का.

"बरं झालं, त्याला वेळीच शंका आली," साहेब म्हणाले. "सर्व्हर रूमच्या फोनवरचं तुमचं कालचं शेवटचं बोलणं त्यानं रेकॉर्ड करून ठेवलंय: पुसायला बिनधास्त हो म्हण, मी सांगितलं म्हणून कुठं बोलू नकोस."