मॅटी अर्विनच्या वाफ्यावरचा भोंगा

“आता दिसलो का?” वाफ्याच्या कडेने चालता चालता मॅटी अर्विनने ओरडून विचारलं.

शिडीवरून ग्लेन टेटने सेन्सरकडे पाहिलं. लाल दिवा लागला नव्हता. “नाही. पण तुम्ही कशाला दिसायला हवेत?”

“मी दिसलो नाही तर चोर काय दिसणार?”

ग्लेनने सेन्सरचा स्क्रू सैल केला. उत्तर इंग्लंडात, नॉर्थम्बरलंडभर त्याने असे सेन्सर लावले होते, आणि प्रत्येक मालकाची पहिली अट एकच असायची: आमच्यासाठी वाजता कामा नये. आमची बायको, आमचं मांजर, आमचा कचऱ्याचा डबा, सगळ्यांना माफी. स्वतःसाठी वाजवून घेणारा मालक त्याला पहिल्यांदाच भेटत होता.

माल मात्र राखण्यासारखा होता. लीक ही कांद्याच्या घराण्यातली भाजी. दुकानात तिचे दांडे अंगठ्याएवढे मिळतात. मॅटीचे मांडीएवढे होते. शनिवारी गावच्या क्लबात लीकचं प्रदर्शन, सगळ्यांत जाड दांड्यांना कप. त्याआधी कोण कुणाच्या वाफ्यात सुरी घेऊन शिरेल याचा या गावात नेम नसे. चर्चमध्ये शेजारी बसणारी माणसं या आठवड्यात एकमेकांचे खिसे न्याहाळत. बरेचसे म्हातारे तर शेडमध्येच अंथरूण टाकत. मॅटीच्या कमरेला ते झेपत नव्हतं, म्हणून हा सेन्सर आणि त्याला जोडलेला भोंगा.

“आवाज क्लबापर्यंत गेला पाहिजे,” मॅटी म्हणाला. “गुरुवारी संध्याकाळी सगळे तिथंच असतात. मी एकटा किती धावणार?”

“आवाजाची काळजी नको. पण हा काही डोळ्यांनी बघत नाही. अंगाची ऊब समोरून आडवी सरकली की त्याला कळतं. सरळ त्याच्या रोखाने कुणी चालत आलं तर उशिरा जाग येते.” ग्लेनने सेन्सरचं तोंड वळवलं, थोडं खाली झुकवलं. “हं, आता चला.”

मॅटी लंगडत आडवा चालला. दिवा लागला. मॅटी पोराटोरासारखा खूश झाला.

“काय रे, फोटो काढून घेतोस?” कुंपणापलीकडून सेप जॉबलिंगने विचारलं आणि तो खोकत सुटला. कोळशाच्या खाणीने त्याच्या छातीत काही शिल्लक ठेवलं नव्हतं. नाकाला नळी, मागे चाकांवर प्राणवायूची टाकी. पुढचं प्रदर्शन सेप बघणार नाही हे गावाला ठाऊक होतं, आणि सेपलाही. दोघे एका शाळेतले, एका खाणीतले. प्रदर्शनात मात्र दरवर्षी मॅटी पहिला आणि सेप दुसरा.

“तुझ्यासाठीच लावतोय, थेरड्या. सुरी घेऊन आलास की गाव गोळा होईल.”

“सुरी कशाला? तुला मी टेबलावर हरवणार.” सेपने दम घेतला. “आणि ऐक. शनिवारी तुझे मोठे दांडे घरी राहिले आणि बारके आणलेस, तर माझे मी परीक्षकासमोर चिरून पातेल्यात टाकीन. दयाबिया मला चालायची नाही.”

“दया? तुझ्यावर? आरशात बघ जरा.”

सेप हसला, पुन्हा खोकला, आणि टाकी ओढत निघून गेला.

बुधवारी मॅटीने ग्लेनला परत बोलावलं. सेपच्या कुंपणाकडची बाजू सेन्सरला दिसता कामा नये, असं आता त्याचं म्हणणं होतं.

“झाकायला भिंगावर पट्टी लावता येते,” ग्लेन म्हणाला. “पण खरं सांगू? उघडी ठेवायची तर तीच बाजू. ज्याची शेवटची संधी आहे तो माणूस—”

“पट्टी लाव,” मॅटी म्हणाला. “आणि हे दुसऱ्या कुणाजवळ बोलू नकोस.”

ग्लेनने पट्टी लावली. म्हाताऱ्याला राखण हवी आहे की नको, हेच त्याला कळेना.

गुरुवारी तो क्लबात बिअर पीत होता. समोरच्या टेबलावर सेप डोमिनो खेळताना लबाडी करत होता आणि सगळे ती चालवून घेत होते. तेवढ्यात भोंगा वाजला.

खुर्च्या मागे सरकल्या. कमरा, गुडघे विसरून अख्खा क्लब धावला. मॅटीचं घर वाफ्याला लागूनच, त्यामुळे तो आधीच तिथं पोचला होता. टोपी हातात धरून नुसता उभा होता. वाफ्यातला एकूण एक दांडा आडवा कापलेला होता.

सगळ्यात शेवटी टाकी ओढत सेप आला. त्याने वाफ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे. “अरे, मी तर—”

“तू आमच्यासमोर बसला होतास, सेप,” क्लबाचा सेक्रेटरी म्हणाला. “तुझं नाव कोण घेतोय?”

ते खरंच होतं. झाडून सगळे सभासद क्लबात होते. कुणीतरी बाहेरगावचा, असं ठरलं.

शनिवारी कप सेपला मिळाला. त्याने तो कुणाला हातही लावू दिला नाही. मांडीवर घेऊन बसला आणि मॅटीला म्हणाला, “तुझे असते तरी मीच जिंकलो असतो.”

“स्वप्नात,” मॅटी म्हणाला.

सोमवारी सेन्सर उतरवायला आलेला ग्लेन किती तरी वेळ शिडीजवळच घुटमळत राहिला. मॅटीने चहा पुढे केला, तेव्हा त्याला राहवेना.

“चूक माझीच आहे, मॅटी. भोंगा वाजला आणि आम्ही धावत आलो, तेवढ्यात एक सिगारेटसुद्धा ओढून होत नाही. अख्खा वाफा कसा कापून होईल? म्हणजे तो केव्हाचा आत होता, आणि माझा सेन्सर उशिरा जागा झाला. जरा आधी वाजला असता तर पकडलाच असता त्याला.”

“नशीब, नाही वाजला,” मॅटी चहात साखर ढवळत म्हणाला. “मी पकडला गेलो असतो, तर सेपने तो कप माझ्या डोक्यात घातला असता.”