पटण्यासारखं बंड

ऑफिसातला ड्राफ्ट्समन दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत खेळ मांडायचा. राज्य त्याने रचलेलं, त्यातली माणसं सहकाऱ्यांनी व्हायचं, कोणी सेनापती, कोणी आचारी; निकाल फाशांचा. त्याला एकच ध्यास होता, राज्यात पटण्यासारखं बंड व्हावं. त्याने कर वाढवले, विहिरी आटवल्या, सेनापतीच्या सख्ख्या भावाला सुळावर चढवलं. पण मंडळी ढिम्म! डबा खाता खाता "जशी आज्ञा, महाराज" म्हणून मोकळी.

या शुक्रवारी मात्र भडका उडाला. आचाऱ्याने दुधात विष कालवलं. सेनापतीने दाराला अडसर घातला आणि राजाच्या पोटात तलवार खुपसली. एरवी कधी आवाजही न चढवणाऱ्या अकाउंटवाल्या बाई खजिनदार झाल्या होत्या. त्यांनी कुऱ्हाड मागितली.

"बाई, राजा मेलाय," ड्राफ्ट्समन म्हणाला.

"असू दे. अजून एक घाव." त्यांनी फासे टाकले. मग न विचारता पुन्हा टाकले.

डबे धुवायला सगळे उठले. टेबलाशी उरले ते आज पहिल्यांदाच हौसेने खेळायला बसलेले साहेब. ते कपाळ पुसत होते.

"रंगला हं खेळ," ते घसा खाकरून म्हणाले. "आतापर्यंत म्हणे कोणी तलवारही उपसत नव्हतं. आज राज्यात असं काय बदललंस तू?"

"राज्यात काहीच नाही, साहेब." ड्राफ्ट्समन खाली मान घालून सोंगट्या गोळा करत राहिला. "आतापर्यंत राजा मी व्हायचो. आज तुम्ही झालात."