एकतीस गोळ्या

योगिनीने गोळ्या तिसऱ्यांदा मोजल्या. एकतीसच. गेल्या सोमवारी याच खाटेशी बसून, घरातल्यांच्या देखत तिने पहिलं पाकीट दिलं होतं. मोजून बेचाळीस. दर चार तासांनी एक, दिवसाला सहा. आज सातवा दिवस संपत आला होता. पाकिटात एखाददुसरी असती तर ती समजू शकली असती.

काशीराम भिंतीकडे तोंड करून पडला होता. कॅन्सर पाठीच्या कण्यात उतरला होता. कूस बदलताना त्याने उशीचा कोपरा दातांत धरला आणि योगिनीचं डोकं फिरलं. घरी जाऊन रुग्ण बघणारी नर्स ती. मॉर्फिनच्या एकेका पाकिटासाठी साहेबांशी वाद घालायचा, स्कूटर मारत या वाडीपर्यंत यायचं, ते काय माणसाने असं तळमळावं म्हणून?

हे उद्योग कोणाचे ते तिला ठाऊक होतं. काशीरामचा मुलगा नितेश आठवड्यापूर्वी मुंबईहून आला होता. फोनवर त्याने तिला सुनावलंही होतं, "मॅडम, ही गर्दुल्ल्यांची गोळी आहे. बाबांना सवय लागेल." चार दिवसांसाठी आलेला मुलगा आणि मोबाइलवर वाचलेलं वैद्यक, यांच्यापुढे ब्रह्मदेवाचंही काही चालत नाही.

तिने नितेशला पडवीत बोलावलं. आवाज दाबला, पण धार दाबता आली नाही.

"सवय लागायला किती वर्षं आहेत त्यांच्याकडे? बापाला असं ठेवताना लाज नाही वाटली?"

"मी हातही लावलेला नाही," नितेशही पेटला. "बोललो ते बोललो. गोळ्या आईच देते."

त्याची आई, तुळसा, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. "त्याला नको बोलू, बाय. मीच राखून ठेवल्या."

"कशासाठी, काकी? ते तळमळतात, दिसत नाही तुम्हाला?"

"दिसता ना. रात्रंदिस दिसता." तुळसाचाही आवाज चढला. "वरच्या वाडीतल्या केरूभावजींना तूच देत व्हतीस ना ह्या गोळ्या? त्यांचं पाकीट संपलं आनि दोन दिसांत ते गेले. ह्यांना पन मोजून दिल्यास. एक जास्त नाय, एक कमी नाय. म्हंजे तेवढाच येळ उरलाय, असंच ना? तू सांगितलंस तशा सगळ्या दिल्या असत्या, तर हे उद्या असते काय?"

मोजून देणं हा नियम होता. सुस्ती येईल, पोट साफ होणार नाही, हे सगळं तिने पहिल्या दिवशी नीट समजावलं होतं. पाकीट संपलं की दुसरं आणीन, एवढंच सांगायचं राहिलं होतं. ते कळत असेलच असं ती धरून चालली होती. राग होता तेवढाच होता, फक्त आता तो तिचा तिच्यावरच होता.

"काकी, गोळीने दिवस कमी होत नाहीत," ती म्हणाली. "दुखणं कमी होतं. आणि संपली की मी पुन्हा आणते. शेवटपर्यंत आणते."

तुळसा चौकटीला धरून खाली बसली.

योगिनी गोळी आणि पाणी घेऊन खाटेशी गेली. पडवीतलं सगळं काशीरामने ऐकलं होतं.

"काका, तुम्ही तरी मागायची ना," तिला बोलल्याशिवाय राहवेना. "मला फोन करायला सांगायचं. का सोसलंत एवढं?"

काशीरामने गोळी गिळली. दम घेतला.

"कशी मागू?" तो म्हणाला. "गोळ्या वाचल्या की त्या दिवशी ती जेवायची."