एपाफ्राची पानं

“यातली ह्यांची पानं कुठली, मेस्त्री?”

डायोक्लीसचा हातोडा वरच्या वर राहिला. नव्या देवळाच्या पायऱ्यांपाशी एपाफ्राची बायको, प्रोकुला, उभी होती. नवऱ्याला जाऊन महिनाही झाला नव्हता. दुपारी सगळे पाव खायला उतरले, एपाफ्रा तेवढा परांचीवर थांबला, आणि तिथूनच पडला.

एपाफ्राची पानं कुठेच नव्हती. संगमरवरात अकँथसच्या काटेरी पानांची वेल कोरणं त्याला कधी साधलंच नाही. पानांना ना वळण, ना धार. त्याच्या शिळा डायोक्लीसने फोडून चुन्याच्या भट्टीत घातल्या होत्या. पण हे हिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

समोर एक शिळा वर चढवायला तयार होती. डायोक्लीसच्या हातचं आजवरचं सगळ्यात देखणं काम. त्याने तिच्याकडे बोट केलं.

“ही बघ, पोरी. एपाफ्राचीच.”

प्रोकुला खाली बसली. पानाच्या कडेकडेने तिने बोट फिरवलं, पार देठापर्यंत. डायोक्लीसला बरं वाटलं. निदान एवढं तरी आपल्या हातून झालं.

ती उठली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मग ह्यांना कोबी कोबी म्हणून का हिणवायचात?”

आजूबाजूच्या छिन्न्या थांबल्या.

“घरी येऊन ताट सरकवायचे. म्हणायचे, मी कोबी कोरतो असं मेस्त्री म्हणतात. मी तुमचं खरं मानलं हो! मीही म्हटलं, जमत नसेल तर दगड वाहा. म्हणून तर जेवण सोडून वर इतरांची पानं चाचपत बसायचे. आणि ह्यांचा हात असा होता! बायको असून मी...”



डायोक्लीसची मान खाली गेली. कोबी हा शब्द त्याचाच. त्यावर खदखदून हसलेले सगळे आता जमिनीकडे बघत होते. खरं सांगावं तर मेलेल्याचा पुन्हा पाणउतारा. गप्प राहावं तर ही जन्मभर स्वतःला खात बसणार.

त्याने हातोडा खाली ठेवला. अख्ख्या कामावर ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

“तुझं काही चुकलं नाही, पोरी. त्याचा हात माझ्याहून सरस होता. मी जळत होतो त्याच्यावर.”